छाती माझी आणि सांगितलं त्याला

इन्शिराहच्या तोंडी लागू नये, हे आमच्या रशीद गावच्या मासळीबाजारात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. मी तिच्या शेजारी बसते. तिच्याकडे मासे, माझ्याकडे लिंबं, शेपू, कोथिंबीर आणि माशाबरोबर चावायचा तिखट जरजीरचा पाला. तिचं गिऱ्हाईक वळून माझ्याकडे येतं, त्यामुळे तिचा धंदा बसला की माझाही बसतो. तिचा राग मी जितका जवळून पाहिलाय तितका तिच्या नवऱ्यानंही पाहिला नसेल. त्याला वेळच कुठे मिळाला? नदी जिथे समुद्राला मिळते तिथे त्याची होडी उलटून तो गेला तेव्हा तिचा लेक सफवत रांगत होता.

नवऱ्याच्या सुतकाचे चाळीस दिवस सरल्यावर ती बाजारात उतरली. तेव्हा बायका लिलावाच्या मागच्या कठड्याला टेकून उभ्या राहायच्या आणि पुरुष व्यापाऱ्यांनी सोडलेलं उचलायच्या. इन्शिराह विशीतच पुढे जाऊन उभी राहिली. एका दलालानं तिला कोपरानं ढकललं, तर तिनं त्याच्या पायावर बर्फाची पेटी सोडली. "चुकून पडली हो," म्हणाली. तेव्हापासून तिला पुढची जागा मिळाली. तिचा राग असा कामाचा होता. दुखणं आलं तेही राग चालू असतानाच.

हॉटेलवाला एक माणूस बोईटाचे कल्ले उघडून बघत होता आणि म्हणत होता, "शिळा आहे."

"शिळा? अरे, हा मासा अजून तुझ्यापेक्षा शहाणा आहे, बघ डोळे त्याचे!" एवढं म्हणाली आणि तशीच तारल्यांच्या टोपलीवर पालथी झाली.

अलेक्झांड्रियाच्या मोठ्या इस्पितळात नेलं. हृदयाचे ठोके मध्येच वेडेवाकडे धावतात, म्हणाले, पुन्हा तसे धावले तर माणूस उठत नाही. म्हणून डाव्या बाजूला, गळ्याच्या हाडाखाली, कातडीच्या आत एक यंत्र बसवलं. काड्यापेटीएवढं असेल. ठोके बिघडले की ते आतूनच धक्का देतं आणि हृदयाला ताळ्यावर आणतं. हे मला तिथल्या परिचारिकेनं सांगितलं. इन्शिराहला तेवढंही कुणी सांगितलं नाही. मोठे डॉक्टर, शौकत त्यांचं नाव, खाटेपाशी आले, तिच्याकडे न बघता पायथ्याशी लटकवलेला तक्ता बघितला आणि सफवतला म्हणाले, "तू जरा बाहेर ये."

दोघं दाराबाहेर उभे राहून बोलले. दार अर्धवट उघडं होतं. इन्शिराह मान उंचावून ऐकायचा प्रयत्न करत होती, पण टाके ओढले जात होते. डॉक्टर आपल्या छातीवर हात ठेवून काहीतरी दाखवत होते, सफवत मान डोलवत होता. माझ्या हातात तिच्या चपलांची पिशवी. मी आपली उभी.

सफवत आत आल्यावर तिनं विचारलं, "काय म्हणाले?"

"काही नाही गं आई. जड उचलू नकोस म्हणाले. फोन उजव्या कानाला धर म्हणाले. आणि चिडू नकोस म्हणाले."

"जड नाही उचलणार," ती म्हणाली.

बाजारात परतली ती जरा वाळून, पण आवाज तोच. टाक्यांची जागा भरून आली. कातडीखाली यंत्राचा उंचवटा हाताला लागायचा, तो ती आम्हाला बोटानं दाखवायची. "सहा पोरं झाली असती तरी एवढी सेवा झाली नसती, बघा ही पेटी कशी आत बसून राखण करते," म्हणायची. 

आता आम्ही बायका फोन कुठे ठेवतो? हात दिवसभर ओले, खवल्यांनी माखलेले. झग्याला खिसा असला तरी त्यात पाणी. पैशांचा बटवा आणि फोन, दोन्ही गळ्यातून आत, बॉडीत, डाव्या बाजूला. उजव्या हाताला डावी बाजूच सोयीची. माझी आई बटवा तिथे ठेवायची, तिची आई तिथे ठेवायची. यात सांगण्यासारखं काय आहे? पण पुढचं सगळं यावरच घडलं, म्हणून सांगते.

इन्शिराहचा जुना बटणांचा फोन होता तोवर काही झालं नाही. सफवत अलेक्झांड्रियात फरशांच्या दुकानात नोकरीला. त्याला वाटलं, आई दिवसभर एकटी असते, तिचं तोंड दिसलं तर बरं. ईदला तो तिच्यासाठी नवा मोठा फोन घेऊन आला. मागे चुंबकाची चकती बसवलेली. तराजूच्या लोखंडी खांबाला लावला की चिकटून राहायचा, हात ओले असले तरी समोर बघून बोलता यायचं. सगळा बाजार बघायला जमला. इन्शिराहनं त्याला चमचा चिकटवून दाखवला, सुरी चिकटवून दाखवली. लेकाचं कौतुक किती करू नि किती नको!

आणि बोलणं झालं की फोन जायचा नेहमीच्या जागी.

मग ती पीं पीं सुरू झाली. इन्शिराह टोपली उचलायला वाकली की कुठूनतरी बारीक शिट्टीसारखा आवाज.

"उम्म सफवत, फोन वाजतोय तुझा!" मी म्हणायची. उम्म सफवत म्हणजे सफवतची आई, आमच्यात बाईला लेकाच्या नावानंच हाक मारतात.

ती फोन बाहेर काढायची की आवाज बंद. पडद्यावर कुणाचा फोन नाही, निरोप नाही. परत आत ठेवला की थोड्या वेळानं पुन्हा पीं पीं. पलीकडचा कोळंबीवाला बरकात दात काढायचा. "कुणीतरी चोरून शीळ घालतोय गं तुला!"

"तुझ्या बायकोला घालत असेल, इथून ऐकू येतेय," ती म्हणायची.

फोनदुरुस्तीवाल्याकडे दोनदा गेली. त्यानं काहीतरी पुसलं, काहीतरी भरलं, फोनला रोग लागलाय म्हणाला. आवाज काही थांबला नाही. आम्हाला सवय झाली. हसायला एक विषय मिळाला होता.

ती दुसऱ्यांदा पडली तो दिवस उकाड्याचा. लिलावात तारली स्वस्त निघाली होती, गिऱ्हाइकांची गर्दी होती. ती एका बाईला माशाच्या पोटातली घाण काढून देत होती. सुरी हातातून गळाली. आधी मला वाटलं सुरी उचलायला वाकली. पण ती खालीच राहिली.

मी धावले. डोळे वर गेलेले, ओठ निळसर. मी हाका मारते, गालावर मारते, काही नाही. यंत्र आहे ना आत, मी मनात म्हणत होते, मग ते करत का नाही काही? कुणीतरी ओरडलं, वारा येऊ द्या, गळा सैल करा. मी तिच्या झग्याचा गळा धरून फाडला, आतला फोन आणि बटवा उपसून बाजूला फेकले. फोन ओल्या फरशीवरून घसरत बरकातच्या पाटीखाली गेला. मी तिची ओढणी सोडवत होते, आणि तेवढ्यात तिचं सगळं अंग एकदम उडालं. पाटीत टाकलेला जिवंत मासा उडतो ना, तसं. माझ्या हातात झिणझिण्या आल्या. मी किंचाळून मागे पडले.

इन्शिराहनं डोळे उघडले. आमच्या सगळ्यांच्या तोंडांकडे पाहिलं आणि म्हणाली, "कुणी लाथ मारली मला? कोण तो मुडदा?"

बायका रडायला लागल्या. बरकातसारखा माणूस खाली बसून राहिला.

इस्पितळात या वेळी तिला एका तरुण डॉक्टरणीनं तपासलं. मेरवत तिचं नाव. तिनं छातीवर एक चपटा डबा ठेवला, त्यानं आतलं यंत्र म्हणे वाचता येतं. बराच वेळ पडद्याकडे बघत राहिली. मग खुर्ची ओढून इन्शिराहच्या समोर बसली, आणि तिलाच विचारलं, "फोन कुठे ठेवता तुम्ही?"

इन्शिराहनं हात गळ्यातून आत घातला. "इथे."

"त्याला चुंबक आहे?"

"आहे की. लेकानं आणलाय."

डॉक्टरणीनं डोळे मिटले. मग तिनं समजावून सांगितलं. या यंत्राजवळ चुंबक आलं की ते धक्का द्यायचं थांबतं. मुद्दामच तशी सोय केलेली असते, काही शस्त्रक्रिया करताना डॉक्टरच वरून चुंबक ठेवून त्याला गप्प बसवतात. चुंबक हटलं की ते पुन्हा कामाला लागतं. "फोन तिथे होता तोवर यंत्राला वाटत होतं, आपल्याला कुणी जाणून थांबवलंय. ठोके बिघडले तरी ते बसून राहिलं. यांनी फोन काढला म्हणून तुम्ही वाचलात."

मी तर नुसता गळा सैल करत होते.

"आणि ती पीं पीं?" इन्शिराहनं विचारलं.

"चुंबक लागलंय हे तुमचं यंत्र सांगत होतं. फोन नव्हता वाजत. तुम्ही वाजत होतात." मग ती म्हणाली, "पण तुम्हाला हे सांगितलं नव्हतं का कुणी?"

तेवढ्यात डॉक्टर शौकत आत आले, मागोमाग सफवत, दुकानातून तसाच धावत आलेला. डॉक्टरणीनं विचारल्यावर शौकत म्हणाले, "सांगितलं होतं. मी स्वतः सांगितलं. मुलाला."

सफवतचा चेहरा पडला. "हो. चुंबक नको, फोन छातीपासून लांब, असं म्हणाले होते."

"मग?" इन्शिराह म्हणाली. आवाज अगदी खालचा. मी तिच्याकडे बघितलं. एवढ्या वर्षांत तिचा इतका खालचा आवाज मी ऐकला नव्हता. "मला का नाही बोललास?"

"मी सांगितलं ना, उजव्या कानाला धर म्हणून..."

"मी काय विचारतेय?"

"आई, आता तुला कसं सांगू... तू फोन कुठे ठेवतेस ते... मुलानं आईला कसं म्हणायचं ते? आणि तू घाबरली असतीस. या फोनचं चुंबक एवढं असेल असं मला वाटलंच नाही."

इन्शिराह डॉक्टरांकडे वळली. "आणि तुम्ही? तुम्ही का नाही सांगितलं मला?"

"हाज्जा, घरच्या पुरुषमाणसाला सांगायची पद्धत असते. बाईमाणसाशी अशा गोष्टी..."

"मी हजला गेलेले नाही, हाज्जा म्हणू नका. अशा गोष्टी म्हणजे कुठल्या?" आता आवाज चढला. "तुम्ही माझी छाती सुरीनं उघडलीत, तेव्हा लाज नाही वाटली? आत बोटं घालून पेटी बसवलीत, तेव्हा नाही वाटली? आणि 'बाई, इथे फोन ठेवू नकोस' एवढं बोलताना लाजेनं मेलात? नाही, तुम्ही कसले मरताय, मेले असते ती मी! छाती माझी आणि सांगितलं त्याला!"

"आवाज खाली ठेवा."

"त्या मुक्या यंत्राला जीभ नाही, तेसुद्धा महिनोन्महिने ओरडून सांगत होतं! आणि तुम्हा दोन बाप्यांना तोंड उघडता आलं नाही!"

शौकत निघून गेले. सफवत भिंतीला टेकून उभा होता. तो पुढे होऊन तिचा हात धरायला गेला, तिनं हात पांघरुणाखाली घेतला.

तिथून सुटल्यावर ती इस्पितळाच्या प्रमुखांकडे गेली, मीही गेले. त्यांनी खुर्ची दिली, चहा दिला, आणि नातेवाइकांना सांगितलं होतं म्हणजे आमच्याकडून चूक नाही, असं साखरेत घोळून सांगितलं. तिनं चहाला हात लावला नाही. मी प्यायले, खोटं कशाला बोलू.

सफवतशी ती बोलेना. तो शुक्रवारी यायचा, रिकाम्या पेटीवर बसायचा. ती त्याच्यापुढे जेवण ठेवायची, चहा ठेवायची, शब्द नाही. पोरगा वाईट नव्हता. आईला जपायलाच निघाला होता. पण जपणूक म्हणजे तिच्यापासून तिचीच गोष्ट लपवणं, हे त्याला कुणी शिकवलं? आम्हीच शिकवलं असेल. मला त्याची दया यायची आणि त्याच वेळी त्याच्या कानाखाली द्यावीशी वाटायची.

एका शुक्रवारी भर गर्दीत ती उठली. हात पुसले. "सफवत, उभा राहा."

तो उभा राहिला.

"डॉक्टर तुला दाराबाहेर जे बोलले ते बोल. इथे. सगळ्यांना ऐकू जाईल असं."

"आई, लोक बघतायत."

"बघू देत. मी पडले होते तेव्हाही बघत होते. बोल."

त्याचे कान लाल झाले. "ज्यांच्या छातीत यंत्र आहे त्यांनी... फोन जवळ ठेवू नये."

"जवळ म्हणजे कुठे?"

"छातीशी."

"छातीशी कुठे? डॉक्टर बोटानं दाखवत होते, मी खाटेवरून बघितलंय."

कुणी हसलं नाही, बरकातही नाही. सफवतच्या डोळ्यांत पाणी आलं. मग तो एकदम मोठ्यानं म्हणाला, "बॉडीत ठेवू नये! फोन, चुंबक, गाणी ऐकायला कानात घालायच्या त्या गोळ्यांची डबी, काहीच ठेवू नये. वीतभर तरी लांब ठेवावं. हे माझ्या आईला सांगायची मला लाज वाटली, म्हणून ती मरत होती!"

इन्शिराह खाली बसली. एक बोईट साफ केला, कागदात गुंडाळला आणि त्याच्या हातात दिला. "बायकोला सांग, भाजताना कोंडा लावून भाज." एवढंच बोलली.

नंतर मी विचारलं, "केलंस ना माफ?"

"पोटचा आहे, टाकून देता येत नाही. पण राग माझा आहे. तो मी ठेवणार."

आणि ठेवलाच तिनं. यंत्र तपासायच्या दिवशी इस्पितळात जायची ते तपासणीच्या आधी तासभर. बाहेर बाकांवर माणसं बसलेली. ती सरळ बायकांमध्ये जाऊन बसायची. "पेटी बसवलीय का गं तुला? फोन कुठे ठेवतेस?" पहिल्या दिवशी मी डोळ्यांनी बघितलं, जिला जिला विचारलं तिचा हात गळ्यापाशी गेला. दमनहूरची एक बाई होती, तिची ओढणी खांद्याजवळ चुंबकाच्या टाचणीनं लावलेली, बरोबर यंत्राच्या वर. हल्लीच्या मुलींत त्याच टाचण्या चालतात, कापडाला भोक पडत नाही म्हणून. इन्शिराहनं ती स्वतःच्या हातानं काढली. बाईचा नवरा उठला, "काय चाललंय?"

"तुला सांगितलं होतं का डॉक्टरनं काही?"

तो गडबडला. "लोखंडापासून जपा म्हणाले होते काहीतरी."

"आणि हिला काय सांगितलंस?"

"हिला... ही कुठे लोखंडाचं काम करते?"

तेव्हा इन्शिराहचा जो आवाज लागला, तो जिन्याखाली गेला असेल. शौकत खोलीतून बाहेर आले. "बाई, हे इस्पितळ आहे, मासळीबाजार नाही!"

"बाजारात माल कसा आहे ते गिऱ्हाइकाच्या तोंडावर सांगतात, डॉक्टरसाहेब. शेजाऱ्याला बोलावून नाही सांगत."

पहारेकऱ्यानं तिला दंडाला धरून बाहेर काढलं. दुसऱ्या खेपेला दारातच अडवलं. मग ती समोरच्या चहाच्या टपरीवर बसायला लागली आणि आत जाणाऱ्या बायकांना हाका मारायला लागली. काही थांबायच्या, काही तिला वेडी समजून पुढे जायच्या. डॉक्टर मेरवत एकदा खाली आली, तिच्यासाठी पाण्याची बाटली घेऊन. म्हणाली, "मावशी, मी आता प्रत्येकीला खोलीत एकटीला बसवते, आणि तुमच्याच शब्दांत सांगते. बॉडी म्हणते मी सरळ. पहिल्यांदा माझीच जीभ अडखळली."

"अडखळू दे. बोल पण."

शौकत मात्र शेवटपर्यंत मानले नाहीत. निवृत्त झाले, सत्कार झाला, त्यांचा फोटो खालच्या दालनात लागलाय. इन्शिराह त्याच्यासमोरून जाताना मान वळवत नाही. मला वाटतं, तिला आत काहीतरी चावत राहतं. एक शब्द हवा होता तिला, 'चुकलं' एवढाच. तो काही आला नाही.

यंत्राची बॅटरी उतरली तेव्हा ते बदलायला पुन्हा भरती झाली. तिनं सफवतला बाहेरच बसवलं आणि मला आत घेतलं. शस्त्रक्रियेच्या खोलीकडे चाकाच्या खाटेवरून नेत होते. भूल देणारा नवा डॉक्टर आला, कोवळा, घाईत. त्यानं खाटेवरच्या बाईकडे एकदा पाहिलं आणि मला विचारलं, "यांना कुठल्या औषधाचा त्रास होतो का? शेवटचं कधी खाल्लंय यांनी?"

मी तोंड उघडायच्या आत खाटेवरून आवाज आला.

"मेल्या, इकडे बघ. मला विचार. जिवंत आहे मी अजून."

तो दचकला आणि तिच्या उशापाशी जाऊन तिला विचारू लागला. खाट आत गेली, मी सफवतजवळ बाहेर राहिले, दार लागलं. त्याला ती आतमध्ये काय खाल्लं, कधी खाल्लं, आणि आईनं त्याला काय वळण लावलंय ते सुनावत होती. भूल चढेपर्यंत तो आवाज आम्हाला बाहेर बाकावर ऐकू येत होता. सफवत खाली मान घालून ऐकत होता.